दृष्टांतापासून प्रतीकापर्यंत

एखादी चांगली कथा वाचून संपली की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ‘यातून लेखकाला सांगावयाचे आहे तरी काय?’ हा प्रश्न अरसिकपणाचा आहे असे काही टीकाकार मानतात. मला तसे वाटत नाही. ज्याने तास-दोन तास खर्चून कथा वाचली, त्याला तिचा अर्थ विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु हा प्रश्न विचारावा कोणाला? लेखकाला, टीकाकाराला, की स्वतःलाच? मराठी कथेच्या सातशे वर्षांच्या वाटचालीत या प्रश्नाचे उत्तर हळूहळू बदलत गेले. अर्थ सांगण्याचे काम प्रथम गुरूकडे होते, मग ते लेखकाकडे आले, आणि शेवटी वाचकाकडे. या स्थित्यंतराचा इतिहास आपल्याला आज पाहावयाचा आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. या इतिहासाचे कितीतरी महत्त्वाचे टप्पे आपल्या विदर्भाच्या भूमीवरच पडलेले आहेत.

पहिला टप्पा रिद्धपूरचा. अमरावती जिल्ह्यातील या लहानशा गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाच्या अनुयायांनी मराठी गद्याचा पाया घातला. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि केसोबासांनी स्वामींच्या तोंडचे दृष्टांत निवडून ‘दृष्टांतपाठ’ रचला. या ग्रंथात ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची बांधणी मोठी शिस्तीची आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि त्यानंतर दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ. हत्ती आणि आंधळे यांची सर्वांच्या परिचयाची गोष्ट तेथे आहे. कोणी पाय चाचपतो, कोणी कान चाचपतो, आणि प्रत्येकाला आपापलाच हत्ती खरा वाटतो. गोष्ट संपताच तिने काय शिकविले ते सांगितले जाते. श्रोत्याने चुकीच्या वाटेने जाऊ नये म्हणून गुरू त्याचा हात घट्ट धरून ठेवतो. धर्मोपदेशाच्या दृष्टीने हे योग्यच आहे.

पण त्याच पंथाचे ‘लीळाचरित्र’ उघडून पाहा. तेथे लहान लहान वाक्ये आहेत. स्वामी कोठे बसले, कोण आले, काय बोलणे झाले, एवढेच बहुधा सांगितलेले असते. भाष्य जवळजवळ नाहीच. प्रसंग नुसता आपल्यासमोर ठेवलेला असतो आणि तो पुढे मनात घोळत राहतो. म्हणजे मराठी गद्याच्या जन्मवेळीच दोन वाटा फुटल्या होत्या: एक अर्थ सांगून टाकणारी, दुसरी गोष्ट नेमकी सांगून थांबणारी. या दोन्ही ग्रंथांच्या अभ्यासात नागपूरच्या विद्वानांचा वाटा मोठा आहे. ह. ना. नेने यांनी त्यांच्या संपादनाला आरंभ केला. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले.

महानुभावांनी आणखी एक गोष्ट केली, आणि आपल्या विषयाशी तिचा जवळचा संबंध आहे. आपले ग्रंथ त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, असा तो संकेत. ज्याला किल्ली ठाऊक त्याला ग्रंथ वाचता येई, इतरांना त्यातले एक अक्षरही कळत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती किल्ली हुडकून काढली आणि ग्रंथ सर्वांना खुले झाले. आता, कथेतील प्रतीक म्हणजे अशीच एखादी गुप्त लिपी आहे, अशी अनेक वाचकांची समजूत असते. समुद्र म्हणजे मृत्यू, दिवा म्हणजे ज्ञान, पिंजऱ्यातला पक्षी म्हणजे स्त्री. कोष्टक पाठ केले की काम झाले! पण सांकेतिक लिपीचे वैशिष्ट्य असे की किल्ली सापडल्यावर लिपीचे काहीच महत्त्व उरत नाही. प्रतीकाचे तसे नाही. त्याचा एक अर्थ लागला तरी ते संपत नाही. ही खूणगाठ मनाशी बांधून पुढे जाऊ.

दुसरा टप्पा एकोणिसाव्या शतकाचा. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ सालची. हिंदू विधवांची स्थिती दाखविणे हा तिचा उघड हेतू होता, आणि लेखकाने तो लपविला नाही. पुढे हरिभाऊ आपटे आले. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. विषय तोच, विधवेच्या दुःखाचा. पण हरिभाऊंनी कथा यमूच्याच तोंडी घातली, आणि एका साध्या, घरगुती बोलीत ती बोलू लागली. तिचे बळजबरीने केशवपन होते तो प्रसंग आठवा. केस हे तेथे एका मुलीचे खरेखुरे केस आहेत. पण ते गेले तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय काय गेले, हे महाराष्ट्राच्या घराघरांत लोकांना न सांगता समजले. येथे शैली आणि वस्तू या दोहोंनी मिळून अर्थ सांगितला आहे, आणि तो कोणत्याही व्याख्यानापेक्षा खोल गेला आहे.

शैली अर्थ कसा सांगते याचे दुसरे उदाहरण नागपुरात जन्मलेल्या एका लेखकाचे देता येईल. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ साली या शहरात झाला. त्यांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’तील सुदामा रूढींवर तुटून पडत नाही. उलट तो त्यांचे मंडन करतो, आणि इतक्या मनोभावे करतो की वाचता वाचता रूढीच हास्यास्पद ठरते. शब्दांचा अर्थ एक आणि लेखाचा अर्थ त्याच्या नेमका उलट. ग्रंथाचे नावही पाहा. श्रीमंत मित्राकडे संकोचाने नेलेली ती पुरचुंडी प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. कोल्हटकरांना स्वतःची नम्रता वेगळी सांगावी लागली नाही. ती त्या पोह्यांनीच सांगितली.

याच काळात रूपकाला राजकीय धार आली. हरिभाऊंनी शिवकालावरील कादंबऱ्यांना ‘उषःकाल’, ‘सूर्योदय’, ‘सूर्यग्रहण’ अशी नावे दिली. परक्यांच्या राज्यात राहणाऱ्या वाचकाला पहाट म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. ते नाटक असले तरी रूपकाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा समजण्यास त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले. पण सरकारनेही ते ओळखले, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली! रूपकाची किल्ली जशी प्रेक्षकाच्या हाती असते तशी ती पोलिसाच्याही हाती पडू शकते, कारण तिथे एका पात्राला एकच अर्थ बांधलेला असतो.

आता ‘प्रतीक’ या शब्दाकडे वळू. हा शब्द आपण वेदान्तातून घेतला आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त भक्तिमार्गाचे विवेचन करताना त्याचा मूळ अर्थ समजावून दिला आहे. वस्तूची जी बाजू आपल्याकडे वळलेली असते, जी आपल्याला प्रथम गोचर होते, ती प्रतीक. साहित्यालाही याहून चांगली व्याख्या मिळणे कठीण आहे. एक बाजू आपल्याकडे आहे, ती आपण पाहू शकतो, हाताने चाचपू शकतो. दुसरी पलीकडे आहे. दृष्टांतात गुरू आपल्याला पलीकडे नेऊन ती बाजू दाखवितो. रूपकात लेखक पडद्यामागून तिचे नाव सुचवितो. प्रतीकात मात्र लेखक अलीकडची बाजू तेवढी नीट उजेडात धरतो आणि पलीकडे जाण्याचे काम आपल्यावर सोपवितो. युरोपात १८८६ साली पॅरिसमध्ये प्रतीकवादी कवींचा जाहीरनामा निघाला आणि तेथून या विचाराचा गाजावाजा झाला. पण न सांगता सुचविलेल्या अर्थाला आनंदवर्धनाने नवव्या शतकातच काव्याचा आत्मा म्हटले होते, हे आपण विसरू नये.

या विचाराचा मराठी कथा-कादंबरीत प्रत्यक्ष प्रयोग कसा झाला हे पाहण्यास १९३० नंतरचे नागपूर ही उत्तम जागा आहे. येथील लेखकांच्या पुस्तकांची नुसती नावे वाचली तरी बराच बोध होतो. पु. य. देशपांडे यांची ‘सुकलेले फूल’ आणि ‘सदाफुली’, ग. त्र्यं. माडखोलकरांचे ‘भंगलेले देऊळ’, वामन कृष्ण चोरघडे यांचे ‘हवन’, ‘प्रस्थान’, ‘पाथेय’. फूल, देऊळ, यज्ञ, यात्रा. ही सारी चिन्हे आपल्या परंपरेने शेकडो वर्षे वापरलेली आहेत. सुकलेले फूल म्हटले की विफल प्रेम आणि भंगलेले देऊळ म्हटले की उद्ध्वस्त झालेले पावित्र्य, हे पुस्तक उघडण्यापूर्वीच कळते. पुस्तकाच्या दारावरच अर्थाची पाटी लागलेली असते. त्या काळाला तिची गरज होती. स्त्री-पुरुषांचे संबंध, राजकीय ध्येयवाद असे नवे विषय हे लेखक हाताळीत होते, आणि नव्या विषयाला ओळखीचे चिन्ह असले की वाचक बिचकत नाही. वि. स. खांडेकर हे कोल्हटकरांना गुरू मानीत. त्यांनी याच सुमारास रूपककथा लोकप्रिय केली. पुढे १९५९ साली ‘ययाति’ लिहून त्यांनी पुराणातील एका राजाला आधुनिक माणसाच्या अतृप्तीचे रूप दिले.

या मंडळींत कुसुमावती देशपांडे यांचे उदाहरण मला विशेष अर्थपूर्ण वाटते. नागपुरात इंग्रजी साहित्याचे अध्यापन करणाऱ्या कुसुमावतीबाईंनी ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा ग्रंथ लिहिला, आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचा पहिला कथासंग्रह ‘दीपकळी’ १९३४ चा. पुढे ‘दीपदान’, आणि १९५८ साली ‘दीपमाळ’. तीन नावांत दिवा आहे, आणि दिव्याचे मांगल्य आपल्याला शिकवावे लागत नाही. पण या दिव्यांच्या ओळीत मध्येच एक वेगळे नाव येते: ‘मोळी’. मोळी म्हणजे जळाऊ लाकडांचा भारा. तिला कोणी ओवाळीत नाही, तिच्यावर अभंग नाहीत, देवघरात तिला जागा नाही. ती डोक्यावर वाहून आणावयाची आणि बाजारात विकावयाची. दिवाही जळतो आणि लाकूडही जळते. पण दिव्याकडे पाहणारा घरात बसलेला असतो, आणि मोळी वाहणारी रस्त्याने चाललेली असते. दिव्याचा अर्थ परंपरेने तयार करून ठेवला आहे. मोळीचा अर्थ वाचकाला त्या ओझ्यातूनच काढावा लागतो. माझ्या मते मराठी कथेतील प्रतीकाचे वळण या एका शब्दात दिसते. लेखिकेची नजर देवघरातून रस्त्यावर आली, आणि चिन्हाचा अर्थ पोथीतून काढण्याऐवजी जगण्यातून काढणे भाग पडले.

शैलीच्या बाबतीतही याच दशकांत मोठी उलथापालथ झाली. ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून सुबक, रेखीव, गुंतवून ठेवणाऱ्या कथेचे तंत्र सांगितले. त्या शैलीत वाक्य काचेसारखे असते. त्यातून पलीकडचे कथानक स्वच्छ दिसावे एवढीच अपेक्षा. १९४२ साली बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ आली आणि ती काच तडकली. जेम्स जॉइसने १९२२ साली ‘युलिसिस’मध्ये जो मार्ग दाखविला होता त्याच मार्गाने मर्ढेकरांनी मनात उसळणारे तुटक विचार तसेच कागदावर उतरविले. वाचक गोंधळले. पण विस्कटलेल्या मनाचे चित्र सुबक वाक्यांत काढले तर ते खोटे होते, हे सत्य त्या विस्कटलेल्या वाक्यांनीच सांगितले.

विदर्भाने या बाबतीत आणखी वेगळे पाऊल टाकले आणि बोलीलाच शैली केले. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी १९५७ साली ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी वऱ्हाडी बोलीत लिहिली. त्यानंतर १९६० साली उद्धव शेळके यांची ‘धग’ प्रसिद्ध झाली. शिंप्याच्या दरिद्री घरातली कौतिक ही तिची नायिका. संसाराचा भार न पेलणारा नवरा महादेव, त्याला जडलेला महारोग, पदरातली मुले, आणि या सर्वांना ओढून नेणारी ही जिद्दीची बाई. तिचे बोलणे वऱ्हाडीत आहे. तेच बोलणे पुणेरी मराठीत करून पाहा. कौतिक नाहीशी होते आणि तिच्या जागी गरिबीवरचा एक निबंध उरतो.

आणि त्या नावाचा विचार करा. ‘धग’ म्हणजे ज्वाला नव्हे. ज्वाला दिसते, लोक पाणी घेऊन धावतात. धग दिसत नाही. विस्तवाजवळ उभा असलेल्यालाच ती लागते. वैशाखातल्या दुपारी नागपूरच्या रस्त्याने चाललेल्या माणसाला तिची वेगळी ओळख करून द्यावयास नको. दारिद्र्य हे असेच असते. बाहेरच्याला दिसत नाही, आतला भाजून निघतो. शेळक्यांनी हे कोठेही समजावून सांगितलेले नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. कौतिकचा दिनक्रम वाचता वाचता ती धग आपल्याला लागू लागते. त्या एका शब्दाने आपल्याकडून सहानुभूती मागितली नाही, आपल्याला विस्तवाजवळ आणून उभे केले.

यानंतरच्या लेखकांनी हा मार्ग अधिक रुंद केला. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ ची. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांत तर वस्तू, प्राणी, रंग यांना विलक्षण तेज चढले. त्यांच्या ‘पिंगळावेळ’ या संग्रहातील ‘स्वामी’ या कथेत जमिनीखालच्या खोलीत कोंडलेला एक मनुष्य आहे आणि उजेडाकडे चढत जाणारा एक वेल आहे. वेल म्हणजे काय? आशा, मुक्ती, कला, की नुसता वेल? यांतले कोणतेही उत्तर खोटे नाही आणि कोणतेही पुरे नाही. आपल्या नागपूरचे नाटककार महेश एलकुंचवार यांच्या १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’त अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. जमीनदारीचा अंत, फसलेले आधुनिकीकरण, देशपांडे घराण्याचा पोकळ मान, हे सर्व त्यात आहे. पण सर्वांत आधी तो एक अवजड, गंजका, वाटेत पडलेला ट्रॅक्टर आहे. आंधळ्यांच्या हत्तीच्या गोष्टीत पूर्ण हत्ती पाहणारा एक डोळस असतो आणि तोच शेवटी निवाडा देतो. या कथा-नाटकांत असा डोळस कोणी नेमलेला नाही. आपण सर्वांनी आपापल्या बाजूने चाचपावयाचे आणि एकमेकांचे ऐकून घ्यावयाचे.

यातून वाचकापुढे दोन धोके उभे राहतात, तेही सांगितले पाहिजेत. पहिला धोका लेखकांचा. प्रतीकाला प्रतिष्ठा आली की त्याचे नाणे पाडले जाते. मग प्रत्येक कथेत तडकलेला आरसा आणि थांबलेले घड्याळ येते, आणि प्रतीक पुन्हा सांकेतिक लिपी होऊन बसते. दुसरा धोका आपला, वाचकांचा. आपण प्रत्येक वस्तूच्या मागे अर्थ हुंगू लागतो आणि वस्तूच पाहावयाचे विसरतो. या दोन्ही धोक्यांवर मला एकच साधी कसोटी सुचते. ती वस्तू कथेत आपले स्वतःचे काम करीत आहे की नाही? मोळीने आधी मान दुखली पाहिजे. ट्रॅक्टर आधी वाटेत आडवा आला पाहिजे. जी वस्तू वस्तू म्हणून खोटी आहे, ती प्रतीक म्हणून खरी होऊ शकत नाही. शैलीलाही हीच कसोटी लावावी: हे वाक्य बदलले तर माणूस बदलतो काय? बदलत असेल तर ती शैली, नाहीतर नुसती सजावट.

हा प्रश्न केवळ साहित्यिकांचा आहे असे कोणी समजू नये. एका गोष्टीला एकच अर्थ, आणि तोही कोणीतरी अधिकारी माणसाने ठरवून दिलेला, असे मानणारा समाज गोष्टींप्रमाणेच माणसांकडेही पाहू लागतो. त्याला प्रत्येक माणसावर एक चिठ्ठी चिकटवावीशी वाटते. कौतिकसारखी बाई त्या चिठ्ठीत मावत नाही. ती गरीब आहे, मानी आहे, हट्टी आहे, आणि यांतल्या कोणत्याही एका शब्दाने ती संपत नाही. प्रतीकांची कथा वाचण्याची सवय ही माणसाची आपल्याकडे न वळलेली बाजू शोधण्याची सवय आहे. केसोबासांच्या काळी श्रोत्याचा हात धरणे आवश्यक होते. आजच्या लेखकाने तो हात सोडला आहे, आणि त्यात अवहेलना नसून विश्वास आहे. तेव्हा पुढच्या वेळी एखादी कथा संपेल आणि ‘यातून काय सांगावयाचे आहे?’ हा प्रश्न मनात येईल, तेव्हा तो जरूर विचारावा. मात्र उत्तरासाठी प्रस्तावना उघडण्यापूर्वी ती कथा आणखी एकदा वाचावी, आणि शेजाऱ्याला ती कशी दिसली हेही विचारून पाहावे.